किलिमांजारो : शिखरानंतरचे ४२५५ मीटर

घाटवाट

किलिमांजारोवरच्या चर्चा बहुतेक चढाईच्या असतात. विरळ हवा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी), शिखराच्या रात्रीची थंडी यांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि शेवटी 'मग खाली उतरायचं' एवढं एक वाक्य येतं. गुडघे, मांड्या आणि पायाची नखं मात्र कामातून जातात ती त्या एका वाक्यात. म्हणून हा धागा फक्त उतरणीचा. माचामे, लेमोशो, उंब्वे यांपैकी कोणत्याही वाटेनं चढलात तरी उतरायचं म्वेका वाटेनं असतं, त्यामुळे तीच वाट धरून बोलू.

आधी आकडे. नकाशानकाशांत थोडा फरक दिसतो, पण हिशेब बदलत नाही. उहुरू शिखर ५८९५ मीटर. तिथून विवराच्या काठानं स्टेला पॉइंट ५७५६. तिथून घसाऱ्यानं बराफू कॅम्प ४६७३. बराफूवर थोडा आराम, जेवण, सामानाची बांधाबांध आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्प, सुमारे ३१००. दुसऱ्या दिवशी म्वेका गेट, सुमारे १६४०.

म्हणजे शिखराच्या दिवशी २७९५ मीटर उतार आणि दुसऱ्या दिवशी १४६०. सिंहगडाची आतकरवाडीची वाट साधारण ६०० मीटर चढाची धरली, तर पहिल्या दिवशी साडेचारहून जास्त सिंहगड फक्त उतरायचे. तेही मध्यरात्री निघून १२२२ मीटर चढल्यावर, झोप न झालेली असताना. आणि एवढं सगळं उतरून जिथं पोहोचतो ते गेट आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या, म्हणजे १६४६ मीटरच्या, जवळपास बरोबरीला आहे.

जाणकारांनी टप्प्याटप्प्यानं लिहावं. अनुभवकथन नको, नेमकी माहिती हवी.

मांडीचा_घाट

फिजिओथेरपीच्या बाजूनं सुरुवात करतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू लांबत लांबत काम करतो. पाऊल खाली टेकलं की गुडघा वाकतो, शरीराचं वजन खाली येत असतं आणि मांडी त्याला ब्रेक लावत असते. ताणला जात असताना जोर लावणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. प्रत्येक पावलाला थोडी. हजारो पावलं झाली की मांडीची ताकद तिथल्या तिथे घटते.

इथे गंमत अशी की उतरताना दम लागत नाही. हृदयावर, फुप्फुसावर ताण कमी असतो, त्यामुळे आपण थकलोय हे कळतच नाही. ब्रेक झिजत असतो आणि गाडी मजेत चाललेली असते. मग बराफूच्या थोडं वर किंवा त्याखाली अचानक गुडघा लटपटायला लागतो, पाऊल जिथे ठेवायचं तिथे पडत नाही. मांडीनं धक्का झेलायचा बंद केला की तो धक्का सरळ गुडघ्याच्या वाटीवर, घोट्यावर आणि कमरेवर जातो. गुडघा दुखण्याचं मूळ पुष्कळदा गुडघ्यात नसून दमलेल्या मांडीत असतं.

मांड्या भरून येतात त्या मात्र त्या दिवशी नाही. २४ ते ७२ तासांत ते दुखणं शिगेला पोहोचतं. म्हणजे गेटवर ठीक वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या मोशी गावातल्या हॉटेलात जिना उतरताना कठडा धरतो.

कातळवेडा

तंत्राबद्दल लिहितो. शिखर ते स्टेला हा टप्पा सौम्य आहे, उतार फक्त १३९ मीटर, पण उंची सगळ्यात जास्त आणि लक्ष सगळ्यात कमी. इथे घाई नको. स्टेलाला थांबून चार कामं करा : काठ्यांची लांबी चढाईपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वाढवा, बुटांच्या लेस नव्याने आवळा, वरचा एक जाड थर काढून सॅकमध्ये टाका, नाकातोंडावर बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं फडकं) चढवा. सूर्य वर आला की रात्रीच्या कपड्यांत घामाघूम व्हायला होतं, आणि घामावाटे गेलेलं पाणी भरून काढायला त्या उंचीवर जड जातं. गॉगल तर पहाटेच डोळ्यांवर हवा. एवढ्या उंचीवर अतिनील किरणं तीव्र असतात, त्यात शेजारी हिमनदी.

स्टेलाच्या खाली ज्वालामुखीची राख आणि खडी मिसळलेला घसारा आहे. इथे टाच रोवून उतरायचं. पाऊल सैल सोडून टाचेवर वजन द्यायचं, टाच आत रुतते, थोडी घसरते आणि थांबते. तो घसरण्याचा भागच धक्का खातो, त्यामुळे भुसभुशीत घसारा गुडघ्याला दगडी पायरीपेक्षा बरा. धड मागे टाकायचं नाही. भीतीनं माणूस मागे रेलतो, वजन टाचेमागे जातं आणि बूट पुढे निसटून तो बुडावर बसतो. नाक बुटाच्या टोकाच्या रेषेत ठेवायचं, गुडघा कधीही पूर्ण ताठ करायचा नाही.

जिथे कातळावर बारीक खडी पसरलेली असते तिथे हे चालत नाही. तिथे खडी गोट्यांसारखी पायाखालून पळते. पूर्ण तळवा सपाट टेकवायचा, पावलं वीतभर छोटी. घसारा कुठे संपला आणि कातळ कुठे सुरू झाला हे धुळीत दिसत नाही, म्हणून पुढच्या माणसाच्या पायाकडे नजर ठेवा.

धुंदरान

घसाऱ्यावरून पळत, घसरत खाली आलं तर दीड तासात बराफू गाठता येतं आणि गुडघ्यांनाही कमी त्रास होतो असं बरेच गाइड सांगतात. ते चूक आहे का?

कातळवेडा

धुंदरान, तंत्र येत असेल आणि घसारा खोल असेल तर चूक नाही. तोटे तीन. राखेखाली बसलेला दगड दिसत नाही, त्यावर घोटा मुरगळला तर पुढचे साडेतीन हजार मीटर त्याच घोट्यावर काढायचे असतात. दुसरं, आपल्या पायाखालून सुटलेला धोंडा खालच्याच्या अंगावर जातो. एकाच्या बरोबर डोक्यावर दुसरा उतरत असेल असं चालायचं नाही, तिरकं अंतर ठेवायचं. तिसरं म्हणजे धूळ. आधीच कोरडा पडलेला घसा, त्यात पळताना तोंडानं घेतलेला श्वास. पुढचे आठ दिवस खोकला राहतो तो यामुळेच. शेवटी, पळणं म्हणजे तोच ब्रेक जास्त जोरानं दाबणं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं चालतच उतरावं. दोन ते तीन तास लागतात, लागू द्यावेत.

गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीवर चढवायचं आवरण) घालायला विसरू नका. बुटात गेलेली खडी काढायला कुणी थांबत नाही आणि तासाभरात तळव्याला फोड येतो.

हाडवैद्य

काठ्यांबद्दल एक आकडा. तीव्र उतारावर दोन काठ्या नीट वापरल्या तर गुडघ्यावरचा भार साधारण १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतो असं मोजलं गेलेलं आहे. अट 'नीट' या शब्दात आहे. काठी पावलाच्या आधी टेकली पाहिजे आणि वजन तिच्यावर गेलं पाहिजे. हवेत हलवत नेलेली काठी शून्य भार घेते. पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरायची, म्हणजे वजन मनगटाच्या पट्ट्यावर येतं आणि बोटं दमत नाहीत. उंच पायरीवर दोन्ही काठ्या खाली टेकवून मग पाय सोडायचा.

नी कॅपवर मात्र भिस्त ठेवू नका. तिनं ऊब मिळते, आधाराची भावना मिळते, पण दमलेल्या मांडीचं काम ती करत नाही. घट्ट नी कॅप तासन्‌तास घातली तर पोटरीला सूज येते. जुनी दुखापत असलेल्यानं डॉक्टरांना विचारून, आधी सरावात वापरून बघितलेलीच न्यावी.

पायताण

नखांचं सांगते. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख पुढच्या भिंतीवर आपटत राहतं. नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं, ठणकतं आणि काही आठवड्यांनी गळून पडतं. नवं पूर्ण यायला अंगठ्याच्या बाबतीत वर्षभरही लागू शकतं.

उपाय विकत घेण्याच्या वेळी सुरू होतो. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून बघायचे. लेस सोडून पाय पुढे ढकलला की टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. मग लेस बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं राहायचं. बोटं पुढे टेकली तर तो बूट नको, मग तो कितीही महाग असो.

ट्रेकला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. आदल्या दिवशी कापली तर कडा टोचते.

लेस बांधायची पद्धत : चवड्यावर सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट. वळणाच्या हुकापाशी दोन्ही लेस एकमेकींभोवती दोनदा गुंडाळून ओढायच्या, म्हणजे खालचा भाग सैल राहतो आणि वरचा सुटत नाही. टाच मागे खिळून राहिली की बोटं सुटतात. ही गाठ बराफूवरून निघताना पुन्हा मारायची, कारण तोपर्यंत पाय सुजलेला असतो आणि लेस ताणलेली असते. मोजेही तिथेच बदला, धुळीचे मोजे सँडपेपरसारखे घासतात.

प्राणवायू

डॉक्टर म्हणून यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मांडतो. उतरताना अडखळणारा माणूस दोन कारणांनी अडखळतो : पाय दमलेत म्हणून किंवा मेंदूला सूज आली आहे म्हणून. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात आणि 'थकलाय बिचारा' म्हणून दुसरं कारण सुटतं.

फरक ओळखायला सपाट जागी सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. दमलेला माणूस हळू चालेल, मांड्या थरथरतील, पण रेषेवर राहील. तोल जाऊन रेषा सोडत असेल, पडत असेल, प्रश्नांना विसंगत उत्तरं देत असेल, विनाकारण चिडत किंवा गप्प होत असेल, तर मेंदूची सूज धरून चाला. ताबडतोब खाली न्यायचं, एकट्याला सोडायचं नाही, ऑक्सिजन लावायचा आणि डेक्सामेथासोन द्यायचं. मोठ्या माणसाला आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. हे औषध कुणाकडे आहे आणि कोण देणार हे शिखराच्या रात्रीच्या आधीच गाइडशी बोलून ठेवा.

फुप्फुसात पाणी झाल्याची खूण वेगळी. उतारावर दम लागायला नको, तो लागतोय आणि बसल्यावरही कमी होत नाही, खोकला वाढतोय, छातीत घुरघुर आहे. अशा माणसाला चालवत नेणं धोक्याचं, श्रमानं ती अवस्था बिघडते. ऑक्सिजन आणि स्ट्रेचर. किलिमांजारोवर एका चाकाचे स्ट्रेचर असतात. त्यांवरून जाताना बसणारे धक्के भयंकर असले तरी 'मी चालू शकतो' या हट्टाला बळी पडायचं नाही.

डायमॉक्स घेत असाल (प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा), तर शिखरावरून उतरायला लागल्यावर आणि त्रासाची लक्षणं नसल्यास ते थांबवता येतं. त्यानं लघवी वाढते, त्यामुळे पाणी कमी पडतं, हे लक्षात ठेवा.

रानजाई

गुडघा दुखायला लागला की बराफूवर सर्रास दुखणं मारणारी गोळी घेतात. डॉक्टर, यावर लिहाल का?

प्राणवायू

रानजाई, बरं झालं विचारलंत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. शिखराच्या दिवशी बहुतेकांच्या शरीरात पाणी कमीच असतं. त्यात हजारो मीटरच्या उतारानं स्नायूंची इजा होऊन त्यातली प्रथिनं रक्तात येतात, ती गाळण्याचा बोजाही मूत्रपिंडावरच. म्हणून आधी पाणी, खाणं, आराम. गोळी लागलीच तर यकृताचा आजार नसलेल्यानं पॅरासिटामॉलची ६५०ची गोळी घ्यावी. आणि दुखणं दबलं म्हणजे दुखापत गेली असं नाही, वेग तोच कमी ठेवायचा.

लघवीचा रंग बघत राहा. गडद पिवळा म्हणजे पाणी प्या. चहासारखा किंवा कोलासारखा तपकिरी, सोबत स्नायूंचं असह्य दुखणं, सूज, अशक्तपणा असेल तर ती साधी दमणूक नव्हे, तातडीनं रुग्णालय. असं क्वचित होतं, पण ओळखता आलं पाहिजे.

उलट बाजूही आहे : भीतीनं नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ ही लक्षणं पुन्हा उंचीच्या आजारासारखीच दिसतात. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच करा आणि खारट काहीतरी खात राहा.

शिदोरी

खाण्याचा मुद्दा याला जोडूनच. रात्री अकरा-बाराला निघालेला माणूस सकाळी दहाच्या आसपास बराफूला येतो. तोपर्यंत त्यानं बिस्किटं आणि दोन घोट चहा यापलीकडे काही घेतलेलं नसतं, कारण उंचीवर भूकच मरते. स्नायूंतली साखर संपलेली आणि समोर अजून १५७३ मीटर उतार. पाय लटपटण्यात याचा वाटा मोठा असतो.

ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात गेली पाहिजे. हिशेबासाठी, एका मध्यम खजुरात पाचएक ग्रॅम साखर धरा, म्हणजे सहा-सात खजूर झाले की तासाची किमान गरज भागली. राजगिऱ्याची चिक्की, गूळ-शेंगदाण्याची वडी चालते, पण थंडीत चिक्की दगड होते, दातांवर बेतते. सुधारस किंवा गूळपोळीचे तुकडे खालच्या कॅम्पसाठी ठेवा. शिखरावर मऊ आणि पटकन विरघळणारंच. खिशात आतल्या बाजूला ठेवायचं म्हणजे गोठत नाही.

पाण्याच्या पिशवीची नळी रात्री गोठते. घोट घेतल्यावर फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकलायचं. बाटली असेल तर सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. तीन लिटर नेलं तर त्यातलं निदान एक लिटर उतरणीसाठी राखायचं.

बराफूवर गाढ झोपू नका. बूट काढून, पाय उंच करून पाऊण-एक तास पडणं, गरम सूप, भात किंवा उकडलेला बटाटा, मग निघायचं. त्याहून जास्त आडवं झालं की मांड्या आखडतात आणि पुढचा टप्पा अंधारात जातो.

घाटवाट

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी नेमकं आलंय. आता सराव. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यानं २७९५ मीटरच्या उताराची तयारी कशी करायची?

मांडीचा_घाट

मुंबईतली एक सवय आधी मोडा. लोक इमारतीचे जिने चढून जातात आणि लिफ्टनं खाली येतात. चढाईच्या दमासाठी ते ठीक, पण उतरणीच्या मांडीसाठी बरोबर उलटं हवं : लिफ्टनं वर, जिन्यानं खाली. २० मजली इमारतीत मजला तीन मीटरचा धरला तर एका फेरीत ६० मीटर. पाच फेऱ्यांनी सुरुवात करा, दहा फेऱ्या म्हणजे एक सिंहगड उतरल्यासारखं. आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. कठडा सोडून, आवाज न करता पाऊल ठेवायचं. धप्प आवाज येतोय म्हणजे मांडी ब्रेक लावत नाहीये.

घरी १५ ते २० सेंटिमीटरच्या पाटावर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच चार आकडे मोजत जमिनीला टेकवायची. गुडघा आत झुकू द्यायचा नाही, दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. प्रत्येक पायाला दहा, असे तीन वेळा. सोपं वाटायला लागलं की पाठीवर पाच किलोची सॅक.

स्नायूंची एक फार उपयोगी खोड आहे. एकदा उताराची इजा सोसून ते सावरले की पुढचे काही आठवडे तशाच उतारानं त्यांना खूपच कमी इजा होते. म्हणून मोठ्या उताराचा दिवस मुद्दाम आखायचा : कळसूबाई, किंवा एकाच दिवसात सिंहगडच्या दोन-तीन फेऱ्या. हा शेवटचा जड उतार निघण्याच्या १० ते १४ दिवस आधी करा. निघण्याच्या महिनाभर आधीच केला आणि मग काहीच नाही, तर फायदा ओसरायला लागतो. निघण्याच्या आठवड्यात केला, तर भरलेल्या मांड्या घेऊन विमानात बसाल.

कातळवेडा

दुसऱ्या दिवसाचा टप्पा राहिला. म्वेका कॅम्पच्या खाली पावसाळी जंगल आहे. लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या, ओली मुळं, लाल चिखल. पायऱ्यांची उंची आपल्या पावलाशी कधीच जुळत नाही आणि कालच्या मांड्या शिल्लक नसतात. मुळावर पाय द्यायचा नाही, मुळाच्या पलीकडे द्यायचा. काठीचं रबर काढून टोक मातीत रोवा. उंच पायरीवर नेहमी तोच पाय आधी टाकायची सवय लागते, दर दहा-पंधरा पायऱ्यांनी पाय बदला. तीन-चार तासांचा हा रस्ता शेवटच्या तासात सर्वांत जास्त घोटे मुरगळतो, कारण गेटची घाई झालेली असते.

हाडवैद्य

गेटनंतर लगेच सफारी आखू नका. मध्ये मोशीत निदान एक पूर्ण दिवस ठेवा. जीपमध्ये सहा-सात तास गुडघे मुडपून बसणं म्हणजे सुजलेल्या सांध्याला शिक्षा. त्या दिवशी सपाटीवर अर्धा तास हळू चालणं, हलका मसाज, पाय उंच. जोर लावून स्ट्रेचिंग केल्यानं मांड्यांचं दुखणं कमी होत नाही, उलट दुखावलेला स्नायू आणखी ताणला जातो.

परतीच्या विमानात दर तासाला उठा. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर ती सहसा एक-दोन दिवसांत उतरते. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर 'उतरणीचं दुखणं' समजून थांबू नका. शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी तपासून घ्या.

धुंदरान

शेवटचा प्रश्न. गुडघ्यांचा विचार करून मारांगू वाट निवडावी का?

घाटवाट

धुंदरान, तिथे आलेल्या वाटेनंच परतायचं असतं. शिखराहून किबो हट, ४७२०, आणि त्याच दिवशी होरोंबो, ३७२०. म्हणजे पहिल्या दिवशी उतार २१७५ मीटर, म्वेकापेक्षा ६२० मीटरनं कमी. होरोंबोच्या खालची वाट रुंद आणि मध्यम उताराची आहे, पण गेट साधारण १८७० मीटरवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी १८५० मीटर उतार आणि सुमारे २० किलोमीटर चाल. एका दिवसाचा भार दोन दिवसांत विभागला जातो, नाहीसा होत नाही. ज्याला तीव्र उतार सोसत नाही पण लांब चाल चालते त्याच्यासाठी मारांगू बरी. मात्र उंचीला सरावण्यासाठी एक जादा दिवस होरोंबोवर घ्याच, कारण पाच दिवसांच्या आखणीत उंचीचा त्रास वाढतो आणि मग गुडघ्यांचा प्रश्न दुय्यम होतो.